सासऱ्याच्या दारातली फटफटी

चहा येऊ द्या आधी. ही गोष्ट कोरड्या घशानं सांगण्यासारखी नाही. आणि सांगता सांगता मला रडू आलं तर कुणी हसायचं नाही. हसायचं ते शेवटी हसा. सगळं सोनपेठ हसलंय, तुम्हालाच कशाला अडवू?

मी त्या काळी फटफटी घेतली होती. हो, मीच! आपण हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेलो ना, त्याच सुमाराची गोष्ट. गंगाखेडात तेव्हा सायकलवालासुद्धा मान ताठ ठेवून जायचा, तिथं फटफटी म्हणजे काय विचारता! जिनिंग कारखान्यासाठी गावोगाव फिरून कापूस बघायचा आणि सौदा ठरवायचा, हे माझं काम. त्याला गाडी पाहिजेच, असं मी घरी पटवलं आणि दसऱ्याला घेऊन आलो. कशातून घेतली ते विचारू नका. तो विषय निघाला की आई अजून मनगटावर पदर ओढून घेते.

कंपनी विलायतेची, पेढी मुंबईला. नाव घेत नाही. नाव घेतलं की पुढचा शब्द आपोआप शिवीचा येतो, आणि इथं बायामाणसं बसलीत.

दिसायला मात्र देखणी हो! काळा रंग, टाकीवर सोनेरी रेघ आणि पुढं हा एवढा गोल दिवा. दिव्याच्या डोक्यावरच बटणं, किल्ली, काटा, सगळं. गाडीच्या साऱ्या तारा त्या दिव्यात जमायच्या. हॉर्नची, उजेडाची, ठिणगीची, सगळ्यांचं आत एकत्र कुटुंब! आणि एकत्र कुटुंबात होतं तेच व्हायचं. एकाचं बिनसलं की सगळे रुसून बसायचे.

महिन्याभरात गाडीनं गुण दाखवले. दिवा लावावा तर हॉर्न वाजायचा. हॉर्न दाबावा तर गाडी बंद पडायची. किक मारून मारून माझा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झाला, खोटं नाही सांगत!

गंगाखेडात या गाडीचा मिस्त्री नव्हता. मग काय, रेल्वेच्या डब्यात घालून तिला परभणीला न्यायची. ती स्वतःच्या चाकांवर जेवढी फिरली नाही तेवढी रेल्वेनं फिरली. परभणीला स्टेशनाजवळ करीम मिस्त्रीचं दुकान होतं. तो दिवा उघडायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"साब, फिर तारां जल गए. सब हराच हरा हो गया. और ये देखो, मुंगळे!"

"मुंगळे?"

"पूरा खानदान है साब."

"म्हणजे कंपनी तारांना साखर लावून पाठवते की काय?"

"क्या मालूम. मालच कच्चा है कंपनी का."

बस्स! मला हेच ऐकायचं होतं. मालच कच्चा! मी परभणी ते गंगाखेड डब्यात बसलेल्या प्रत्येक माणसाला हे सांगत यायचो.

दुरुस्त होऊन गाडी घरी आली की आमच्याकडं तिचं रीतसर स्वागत. आई दारात ताट घेऊन उभी. हळदकुंकू, अक्षता, ओवाळणी. मग पायरीवर नारळ मी फोडायचो आणि त्याचं पाणी गाडीच्या डोक्यावर, त्या गोल दिव्यावर, धार धरून सोडायचो. नवी गाडी, लोकांची नजर वाईट! दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी बंद पडली की आई म्हणायची, "लय जबर नजर लागलीय रे. पुढच्या बारीला दोन फोड." मी दोन फोडायचो.

आता तुम्ही म्हणाल, गाडी बिघडते तर बिघडू दे, एवढं रडण्यासारखं काय त्यात? सांगतो.

माझी बायको इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी, सोनपेठला गेलेली. मुलगी झाली. बारशाला मी फटफटीवर येणार, असा सांगावा मीच मोठ्या ऐटीत पाठवला. सकाळी निघालो. निम्म्या वाटेत गाडी गप्प! कापसानं भरलेली एक बैलगाडी चालली होती, तिच्यात कापसावर फटफटी आडवी घातली आणि फटफटीशेजारी मी आडवा. सोनपेठात शिरलो तेव्हा बारसं उरकून बाया घुगऱ्या घेऊन घरी चाललेल्या. माझ्या पोटच्या पोरीचं नाव मला वाटेत एका अनोळखी बाईनं सांगितलं!

सासरे बळवंतराव दारातच उभे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांची एक पांढरी घोडी होती, चंद्री. आयुष्यभर तिच्यावर फिरलेला माणूस. त्यांनी कापसावर पडलेली फटफटी बघितली, कापूस चिकटलेला मी बघितला.

"जावाईबापू, ही गाडी माणसाला आणती, का माणूस गाडीला?"

"मामा, कंपनीनं फसवलं हो."

"कंपनी कुठली का आसंना. आसल्या गाडीच्या भरवशावर मी लेक आन नात धाडणार न्हाई. एकदा तरी ती आपल्या पायानं माझ्या दारात येऊ द्या. त्या दिवशी लेक घेऊन जावा."

आता शहाणा माणूस काय करतो? 'बरं' म्हणतो आणि सवडीनं बैलगाडी आणून बायको-पोरीला घेऊन जातो. पण पाहुण्यारावळ्यांपुढं बोलले ना ते! मीही बोललो, "ठीक. येईन तर फटफटीवरच येईन. तोवर या दारात तोंड दाखवणार नाही."

आतून इंदूनं कपाळावर हात मारला. बाहेर ऐकू आलं.

तेव्हापासून माझे जे हाल सुरू झाले म्हणता! मुलगी हसायला लागली, निरोप आला. हसायला लागली, निरोप आला. बसायला लागली, तोही निरोपच! आणि मी कुठं? एक तर करीम मिस्त्रीच्या दुकानात, नाही तर सोनपेठच्या वाटेवर बाभळीखाली, बंद गाडीशेजारी. घरी हौसेनं पाळणा आणून टांगला होता. त्यात मी पाना आणि पक्कड ठेवायचो. रिकामा पाळणा बघवायचा नाही मला, म्हणून.

एकदा तर अर्ध्याहून जास्त वाट कापली. मनात म्हणलं, जमलं! तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि हॉर्न आपोआप सुरू झाला. पेंऽऽऽ! बंदच होईना. पुढं मेंढरांचा कळप. मेंढरं बिथरली आणि वाट फुटेल तिकडं पळाली. धनगर काठी घेऊन माझ्याकडं.

"आवो सायेब, भोंगा बंद करा की!"

"बंद होत नाही बाबा!"

"मंग चालू कशाला केला?"

"मी नाही केला!"

"मंग काय मी केला का?"

शेवटी त्यानंच काठी घालून हॉर्न बंद केला. म्हणजे हॉर्न फुटला. मग दिवस कलेपर्यंत मी त्याच्याबरोबर रानोमाळ मेंढरं गोळा करत हिंडलो. माझी कहाणी ऐकून त्याला दया आली. भाकरी-कांदा दिला आणि म्हणाला, "ह्याच्यापरीस एखादं मेंढरू पाळायचं की. हाक मारली की येतंय तरी."

मग मात्र मी कंपनीच्या मागं हात धुऊन लागलो. शाळेच्या हेडमास्तरांना धरलं. मी मराठीतून सांगायचो, ते इंग्रजीत उतरवायचे आणि काय लिहिलं त्याचा अर्थ मला सांगायचे.

मी म्हणालो, "लिहा गुरुजी, तुम्ही चोर आहात!"

त्यांनी लिहिलं. "काय लिहिलंत?"

"आपल्या मालाबद्दल मला किंचित खेद वाटतो."

"अहो, किंचित कुठला? मला माझी पोरगी दिसंना झालीय!"

"इंग्रजीत एवढंच बसतं," गुरुजी म्हणाले.

जळका दिवाही मी पार्सलानं मुंबईला पाठवून दिला. म्हणलं, बघा तुमची करणी! महिन्यानं उत्तर आलं. गुरुजींनी वाचून दाखवलं: आपण पाठवलेला दिवा आम्ही उघडून पाहिला. आपल्या जिल्ह्यात बारमाही अतिवृष्टी होत असावी असे दिसते. कृपया गाडी पावसात उभी करू नये. तरीही नवा दिवा आणि नव्या तारा विनामूल्य पाठवीत आहोत.

पाऊस! अहो, चैत्र चालू होता! विहिरीत बादली सोडली की तळाला खडखड वाजायची. गोदावरीच्या पात्रात लोक टरबुजं लावून बसलेले. आणि म्हणे अतिवृष्टी! मी तो कागद हातात धरून बाजारभर फिरलो. "बघा हो बघा, विलायतेत बसून हे परभणी जिल्ह्यात पाऊस पाडायलेत!" लोकही चिडले. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "त्यांना लिवा, माझ्या रानात बी जरा पाडा म्हणावं."

नवा दिवा आला. करीम मिस्त्रीनं तो बसवला, नव्या तारा ओढल्या, फुटका हॉर्नही बदलला. गाडी रेल्वेनं गंगाखेडला उतरवली आणि घरी आलो, तर दाराला कुलूप. आई राणीसावरगावला मावशीकडं गेलेली. ताट नाही, ओवाळणी नाही, काही नाही. म्हणलं, आता थांबलो तर ऊन वाढंल. तसाच निघालो सोनपेठला.

आणि गाडी पळाली हो! खड्ड्यात आदळली, तरी पळाली. चाकोरीत घसरली, तरी पळाली. वाटेत तोच धनगर भेटला. मी मुद्दाम हॉर्न दाबला. वाजला आणि सोडल्यावर बंद झाला! धनगरानं काठी वर करून रामराम घातला. मीही एक हात सोडून रामराम घातला. पाच महिन्यांनी मी माझ्या लेकराला बघणार होतो.

सोनपेठचा त्या दिवशी बाजार. सगळा बाजार वळून बघायला लागला. मी मधून वाट काढत, हॉर्न देत, मामांच्या दारात जाऊन उभा! मामा बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"आपल्या पायानं आली?"

"आपल्या पायानं."

"कुठं ढकलली न्हाई?"

"एक पाऊल नाही."

मामा दिलदार माणूस. दारात जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मानलं! शब्द म्हंजी शब्द. इंदे, गठुडं बांध!"

इंदू दारात आली. कडेवर मुलगी. एवढी मोठी झालेली! मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड वाकडं करून आईच्या खांद्यात लपवलं. कोण हा काळा चष्मा लावलेला बाबा? म्हणलं, हरकत नाही. आता जन्मभर ओळख होईल. डोळ्यात पाणी आलं माझ्या, लपवत नाही.

इथं थांबलो असतो तर! इथंच हो! पण शहाणपण आणि मी एका गाडीवर कधी बसलोच नाही.

सासूबाई ताट घेऊन आल्या. "पहिल्यांदा दारात आलीय गाडी. ओवाळते." ताटात नारळ. मी झटकन पुढं झालो.

"द्या मामी, हा मान माझा. आमच्याकडं पद्धत आहे."

एवढा बाजार बघतोय म्हणल्यावर माझ्या अंगात आलं. पायरीवर नारळ फोडला, हात उंच केला आणि धार सोडली थेट दिव्यावर. एक थेंब वाया जाऊ दिला नाही. वर म्हणलं, "अजून एक आणा!" दुसराही घातला.

"बसा मामा मागं. बाजारातून चक्कर मारू."

मामा धोतर आवरून बसले. मी किक मारली. आधी दिव्यातून धूर निघाला. मग पेंऽऽऽ! मुलीनं टाहो फोडला. गोठ्यात चंद्री खुंट्याला हिसके द्यायला लागली. बाजारातले बैल उधळले. मग हॉर्नचाही घसा बसला आणि गाडी ठार बंद झाली.

मामा शांतपणे उतरले. दिव्याखालून थेंब थेंब गळत होतं. त्यांनी एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला.

"जावाईबापू, हे दर बारीला करता का?"

"दर दुरुस्तीनंतर. न चुकता."

"पाणी दिव्यात घालता?"

"दिव्यात कशाला घालू मामा? दिव्यावर घालतो."

"आन मंग ते जातंय कुठं?"

मी दिव्याकडं बघितलं. बटणांच्या फटी बघितल्या, किल्लीचं भोक बघितलं. मग मला मुंगळ्यांचं खानदान आठवलं. परभणी जिल्ह्यातली अतिवृष्टी आठवली. त्या घटकेला एखादा मुंगळा होऊन मीही आत शिरलो असतो तर बरं झालं असतं.

इंदू म्हणाली, "म्हंजी पाच महिने तुमी कंपनीला शिव्या द्यायलात, ते ह्याच्यासाठी?"

आता तरी माणसानं गप्प बसावं की नाही? मी ओरडलो, "चूक कंपनीचीच आहे! हिंदुस्थानात गाडी विकता आणि नारळाचा विचार करत नाही? झाकण घट्ट नको बसवायला?"

झालं! सगळा बाजार खदखदून हसायला लागला. भाजीवाल्या बाया टोपल्या खाली ठेवून पदर तोंडाला लावून हसताहेत. हसणं ऐकून मला आणखी चेव चढला.

"नको मला ही अवदसा! मामा, ही गाडी तुम्हाला दिली! आजपासून तुमची!"

हे मी का बोललो, ते गुपचूप सांगतो. आपल्याकडं लेकीच्या घरचं बाप काही घेत नाही. मामा तर माझ्याकडं आले तर पाणीसुद्धा शेजारी जाऊन प्यायचे. ते 'नको' म्हणणार याची मला पक्की खात्री होती. माझा रागही दिसेल आणि गाडीही माझ्याकडंच राहील!

मामा म्हणाले, "लेकीच्या घरचं फुकट मी घेत न्हाई."

बघा! मनात म्हणलं, सुटलो.

"म्हणून माझी चंद्री तुमाला. गाडीच्या बदली घोडी. फिटंफाट!"

"वा! वा!" करून बाजारानं टाळ्या पिटल्या. आता चारचौघांत दिलेला शब्द माघारी कसा घेऊ?

लेक धाडायचा शब्द मात्र मामांनी पाळला. त्यांच्या बैलगाडीत इंदू आणि मुलगी, आणि पुढं घोडीवर मी. डोळ्यावर फटफटीचा काळा चष्मा तसाच. आयुष्यात कधी घोड्यावर बसलो नव्हतो. गंगाखेडला पोचल्यावर आठवडाभर मी जेवायलासुद्धा उभाच असायचो.

आणि ती घोडी तरी राहिली का? तिसऱ्या दिवशी दावं तोडून पसार! निरोप आला, चंद्री सोनपेठला सुखरूप पोचली. मी जाऊन आणली. पुन्हा पळाली. पुन्हा आणली. पुन्हा गेली. शेवटी मामांनीच सांगितलं, "राहू द्या. तिचं मन लागंना तिकडं." म्हणजे बघा, घोडीही त्यांच्या गोठ्यात आणि फटफटीही त्यांच्याच दारात!

बरं, फटफटी तरी तिथं रुसावी की नाही? नाही! मामांनी दिवा उघडून पुसला, उन्हात वाळवला, परभणीहून मिस्त्रीला बोलावून दोन तारा बदलून घेतल्या आणि चालवायलाही शिकले. त्या दिवसापासून ती गाडी एकदाही बंद पडली नाही. एकदाही! पाच महिने मी जिच्यासाठी तडफडलो, ती सासऱ्याकडं गुण्यागोविंदानं नांदायला लागली. असं मनाला लागलं माझ्या की काय सांगू.

दिवाळी आली. मामा लेकीला न्यायला आले. कशावर आले असतील? दारात उभी राहिली ती, काळीभोर, सोनेरी रेघेची. माझी मुलगी आईच्या कडेवरून झेपावली आणि टाकीवर थापा मारायला लागली. इंदू मुलीला मांडीवर घेऊन ऐटीत मागं बसली.

मी म्हणालो, "मामा, या गाडीवर तुम्ही लेक बसवणार नव्हता ना?"

मामांनी एका किकेत गाडी चालू केली.

"तवा ती तुमची हुती," ते म्हणाले. "तुमी या मागून एष्टीनं. तेवढं गठुडं घेऊन या."

बसलो एष्टीत, गाठोडं मांडीवर घेऊन. ते वाटेत कुठं चहाला थांबले असतील. आमची एष्टी पुढं गेली आणि थोड्या वेळानं मागून हॉर्न ऐकू आला. फटफट करत गाडी आमच्या शेजारून पुढं निघून गेली. मुलगी एष्टीतल्या सगळ्यांना हात हलवून दाखवत होती. इंदूचा पदर वाऱ्यावर.

माझ्या शेजारचा माणूस खिडकीतून वाकून बघत म्हणाला, "घ्यावी तर माणसानं आसली गाडी! कुणाची हाय वो?"

"माझ्या सासऱ्याची."

"आन मागं बसलेली बाई?"

"माझी बायको."

"आन ते लेकरू?"

"माझंच."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मांडीवरच्या गाठोड्याकडं बघितलं. परत माझ्याकडं बघितलं.

"मंग तुमी हितं काय करायलात?"

मी खिडकी लावून घेतली. म्हणलं, धूळ लय यायलीय.